लहान मुलांच्या सॉफ्ट टिश्यू गाठीचं निदान: फॉर्मलिनच्या बाटलीपासून फायनल रिपोर्टपर्यंत

मुलाच्या गाठीची बायोप्सी आली, स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि दिसतं काय तर सगळीकडे छोट्या, गोल, निळ्या पेशी. स्नायू नाही, चरबी नाही, नस नाही, नुसता निळा चिखल. परीक्षेत ही स्लाइड आली की रेसिडेंटला घाम फुटतो, आणि खरं सांगू का, वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपवर बसलेल्यांनाही थोडा फुटतोच. कारण हा एकच चेहरा रॅब्डोमायोसार्कोमाचा (स्नायूसारख्या पेशींचा कॅन्सर) असू शकतो, इविंगचा (हाडाचा किंवा मऊ ऊतींचा सार्कोमा) असू शकतो, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा (कोवळ्या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) किंवा न्यूरोब्लास्टोमाचाही (कोवळ्या नसपेशींचा) असू शकतो, आणि प्रत्येकाची ट्रीटमेंट पार वेगळी.

मुलांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचे कॅन्सर) साधारण ७ टक्के, त्यातला सगळ्यात कॉमन रॅब्डोमायोसार्कोमा. म्हणजे बऱ्याच पॅथॉलॉजिस्टना वर्षात एखाद-दुसरी केस बघायला मिळते, हात बसेल एवढ्या केसेस येतच नाहीत. म्हणून हे लिहितोय, मुख्यतः नवीन रेसिडेंटसाठी, पण ज्या आईवडिलांना रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ लावायचाय त्यांनाही उपयोग होईल. क्रम कामाचाच ठेवलाय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, निदान चुकतं ते मायक्रोस्कोपवर कमी चुकतं, जास्त वेळा त्याच्या आधी चुकतं (टिश्यू वाया घालवून) किंवा नंतर (एकाच स्टेनवर, म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रथिन दाखवणाऱ्या रंगावर, विश्वास टाकून).

आधी फॉर्म वाचा, मग स्लाइड

वय, गाठ नेमकी कुठे, किती दिवसांत वाढली, स्कॅनमध्ये काय दिसलं. फॉर्मवर नुसतं "गाठ, मांडी" लिहिलं असेल तर फोन उचला. वय आणि जागा या दोन गोष्टींनी अर्धी लिस्ट गळते. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा, रॅब्डॉइड ट्यूमर, मायोफायब्रोमा ही नावं वर येतात. लहान मूल आणि डोळ्याची खोबण, मूत्राशय, योनीमार्ग किंवा वृषणाच्या शेजारची गाठ म्हटलं की एम्ब्रायोनल रॅब्डोमायोसार्कोमा डोक्यात यायलाच हवा. जरा मोठं मूल आणि हातापायाची गाठ असेल तर अल्व्हिओलर रॅब्डो, सायनोव्हियल सार्कोमा, इविंग. टीनएजर मुलगा, पोटात अनेक गाठी पसरलेल्या, तर डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर. हे नियम नाहीत, पण यातून सुरुवात कुठून करायची ते कळतं.

सर्जनशीही बायोप्सीच्या आधीच बोलून घेतलेलं चांगलं. साधी गाठ समजून कुणी ती घाईत काढून टाकली आणि नंतर सार्कोमा निघाला तर कडेला पेशी राहिलेल्या असतात, पुन्हा ऑपरेशन लागतं, रेडिएशनचं गणितही बदलतं. म्हणून मोठी किंवा खोल गाठ असेल तर आधी कोअर बायोप्सी (जाड सुईने टिश्यूची बारीक कांडी काढणं), तीही एकच बारीक कोअर नाही, चार-सहा जाड कोअर. नुसत्या सुईने पेशी ओढून कॅन्सर आहे एवढं कळू शकतं पण आज जेवढ्या टेस्ट लागतात तेवढा माल त्यात बहुतेक वेळा नसतो.

टिश्यू आल्यावर पहिली पंधरा मिनिटं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि शिकवताना सगळ्यात कमी वेळ हिलाच मिळतो.

टिश्यू शक्यतो ताजं मागवा, फॉर्मलिनमध्ये नाही. आलं की आधी स्लाइडवर हलकेच टेकवून दोन-चार इम्प्रिंट काढून घ्या. फुकटचं काम आहे, आणि पेशी लिम्फोमासारख्या वाटल्या तर थोडं टिश्यू लगेच फ्लो सायटोमेट्रीला (ताज्या पेशी मशीनमधून एकेक तपासणारी टेस्ट) पाठवता येतं. मग एक छोटा तुकडा फ्रीझ करायचा, पुढच्या मॉलिक्युलर टेस्टसाठी, आणि बाकीचं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये. टिश्यू कमी असेल तर मात्र फॉर्मलिनचा हक्क पहिला, कारण स्लाइडच नीट बनली नाही तर बाकी टेस्ट कशाच्या भरवशावर करणार? मोठा तुकडा असेल तर कापून टाका, फॉर्मलिन तासाला साधारण १ मिलिमीटर एवढंच आत शिरतं, अख्खा गोळा बाटलीत बुडवला तर मधला भाग सडतो आणि मग तिथे स्टेन नीट येत नाहीत.

कोअर एका ब्लॉकमध्ये (टिश्यू बसवलेला मेणाचा ठोकळा) सगळ्या कोंबू नका. दोन-तीन ब्लॉकमध्ये वाटा. एक ब्लॉक स्टेनमध्ये संपला तरी दुसरा जीन टेस्टसाठी शिल्लक राहतो. हाडाचा भाग असेल तर स्ट्राँग ॲसिडने डिकॅल्सिफाय करू नका (कॅल्शियम काढू नका), डीएनए-आरएनएची वाट लागते, ईडीटीए वापरा, वेळ लागतो पण लागू दे.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीच्या काळात एका केसमध्ये मी आज दोन स्टेन, उद्या तीन, परवा अजून एक असं करत गेलो, दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवला की समतल करताना थोडं टिश्यू कापून जातंच, आणि फ्यूजन (दोन जीन तुटून एकमेकांना जोडले जाणं) शोधायच्या टेस्टची वेळ आली तेव्हा ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरलं होतं. त्या मुलाला पुन्हा भूल देऊन पुन्हा बायोप्सी करावी लागली. तेव्हापासून लहान बायोप्सी असेल तर पहिल्याच वेळी पंधरा-वीस अनस्टेन्ड स्लाइड एका दमात कापून ठेवायला सांगतो. टेक्निशियन वैतागतात, वैतागू देत.

लो पॉवरवर थांबा, झूम करायची घाई नको

एच अँड ई (नेहमीचा गुलाबी-निळा रंग दिलेली) स्लाइड आली की सगळे थेट हाय पॉवरवर जातात. नको. लो पॉवरवर पॅटर्न दिसतो, हाय पॉवरवर नुसते न्यूक्लिअस दिसतात.

एम्ब्रायोनल रॅब्डोमध्ये दाट आणि विरळ भाग आलटून पालटून येतात, विरळ भाग पाणचट, मिक्सॉइड. मध्येमध्ये गुलाबी सायटोप्लाझमच्या पेशी दिसतात, काही शेपटीवाल्या, काही पट्ट्यासारख्या लांब, नशीब असेल तर आडव्या रेषाही दिसतात, म्हणजे ही पेशी स्नायू बनायच्या प्रयत्नात आहे. पोकळ अवयवात वाढली तर द्राक्षाच्या घोसासारखी लोंबते आणि वरच्या आवरणाच्या लगेच खाली पेशींचा एक दाट थर असतो, त्याला कँबियम लेअर म्हणतात. अल्व्हिओलरमध्ये पेशी एकसारख्या, गोल, फायब्रस भिंतींना चिकटलेल्या आणि मध्ये सुट्या पडलेल्या, फुफ्फुसाच्या वायुकोशांसारखं दिसतं म्हणून हे नाव. गोची अशी की अल्व्हिओलरचा सॉलिड प्रकार पण असतो ज्यात पोकळ्या नसतातच, सगळं गच्च भरलेलं. आणि एम्ब्रायोनलचाही एक दाट प्रकार असतो जो अगदी तसाच दिसतो. या जोडीने पॅथॉलॉजिस्टना किती वर्षं फसवलंय ते पुढे सांगतो.

उलटी चूक पण होते बरं का. मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) भरपूर दिसल्या म्हणून लगेच सार्कोमा म्हणू नका. नोड्युलर फॅसायटिस भराभर वाढते, मायटोसिस खच्चून असतात, आणि तरी ती निरुपद्रवी, बऱ्याचदा आपोआप विरते. तिच्यात यूएसपी६ जीनचं फ्यूजन असतं हे २०११ मध्ये समोर आलं, त्यामुळे आता शंका आली तर टेस्ट करून खात्री करता येते.

स्टेन: एकाचं ऐकू नका, पंचायत बसवा

निळ्या गोल पेशींसाठी माझी पहिली फेरी ठरलेली: डेस्मिन आणि मायोजेनिन (स्नायूसाठी), सीडी९९ (इविंगसाठी), टीडीटी (लिम्फोब्लास्टसाठी), सीडी४५ (पांढऱ्या रक्तपेशींसाठी), केराटिन, आयएनआय१ आणि जागेप्रमाणे सिनॅप्टोफायसिन किंवा फॉक्स२बी (न्यूरोब्लास्टोमासाठी). टिश्यू फारच कमी असेल तर निवडून, पण केराटिन आणि आयएनआय१ मी सहसा सोडत नाही.

मायोजेनिन आणि मायोडी१ (हाही स्नायूचाच स्टेन) फक्त न्यूक्लिअसमध्ये मोजायचे, सायटोप्लाझममध्ये ब्राऊन दिसलं तर त्याला काही अर्थ नाही. अल्व्हिओलरमध्ये मायोजेनिन जवळजवळ सगळ्या पेशींत ठसठशीत येतं, एम्ब्रायोनलमध्ये ठिकठिकाणी. हा फरक फ्यूजनचा अंदाज बांधायला फार कामाचा. पण गाठ स्नायूत घुसली असेल तर कडेला अडकलेल्या, दुरुस्त होत असलेल्या नॉर्मल स्नायूपेशी पण मायोजेनिन पॉझिटिव्ह येतात. तेव्हा पॉझिटिव्ह कोण आहे ते बघा, गाठ की शेजारी.

आता सापळे. डेस्मिन पॉझिटिव्ह म्हणजे रॅब्डो असं समजणं हा सगळ्यात जुना सापळा. डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमरमध्येही डेस्मिन येतं, बरेचदा न्यूक्लिअसजवळ एका ठिपक्यासारखं, सोबत केराटिन पॉझिटिव्ह, आणि मायोजेनिन निगेटिव्ह. सीडी९९चं तेच. इविंगमध्ये ते पेशीच्या कडेने रेखीव येतं हे खरं, पण लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही अगदी तसंच येतं, वर तिथे सीडी४५ निगेटिव्ह असू शकतं, म्हणजे "सीडी४५ नाही, सीडी९९ आहे, झालं इविंग" असा रिपोर्ट गेला की ल्युकेमियासारखी ट्रीटमेंट लागणाऱ्या मुलाला सार्कोमाची ट्रीटमेंट सुरू होते. म्हणून टीडीटी. एका स्टेनचे पैसे वाचवायची ही जागा नाही.

तिसरा सापळा अल्व्हिओलर रॅब्डोचाच. त्यात केराटिन, सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन असं काहीही पॉझिटिव्ह येऊ शकतं आणि मग लोक न्यूरोएंडोक्राइनच्या मागे लागतात. कधी तर मूळ गाठ सापडतच नाही, मूल थेट बोनमॅरो भरलेल्या अवस्थेत येतं आणि सगळे ल्युकेमिया समजून बसतात. फ्लोमध्ये सीडी४५ निगेटिव्ह आणि सीडी५६ पॉझिटिव्ह पेशी दिसल्या की मायोजेनिन लावून बघा.

आयएनआय१चं वाचन उलटं असतं. इथे रंग न येणं हे निदान. पण रक्तवाहिन्यांच्या पेशी आणि लिम्फोसाइट त्याच स्लाइडवर पॉझिटिव्ह असायला हव्यात, त्याही निगेटिव्ह असतील तर स्टेनच फसलाय. कंट्रोल ठीक आणि गाठीच्या पेशी कोऱ्या, तर रॅब्डॉइड ट्यूमरचा विचार, एपिथेलिऑइड सार्कोमामध्येही तसंच होतं म्हणून वय आणि चेहरा बघून ठरवायचं.

एम्ब्रायोनल की अल्व्हिओलर

हा भाग थोडा इतिहासाचा आहे पण याशिवाय आजचा रिपोर्ट असा का लिहितात ते कळत नाही.

१९५८ मध्ये हॉर्न आणि एंटरलाइन यांनी रॅब्डोमायोसार्कोमाचे चार गट पाडले: एम्ब्रायोनल, बोट्रिऑइड, अल्व्हिओलर, प्लिओमॉर्फिक. सगळं दिसण्यावरून. १९७२ मध्ये अमेरिकेत इंटरग्रुप रॅब्डोमायोसार्कोमा स्टडी सुरू झाली, शेकडो मुलांच्या स्लाइड एका ठिकाणी जमा व्हायला लागल्या आणि मग कळायला लागलं की कुठला प्रकार कसा वागतो. १९९५ मध्ये न्यूटन आणि सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मांडलं, त्यात गाठीत अल्व्हिओलरचा थोडासा भाग जरी दिसला तरी अल्व्हिओलर म्हणायचं असं ठरलं, कारण तो प्रकार जास्त वाईट वागतो, सुटायला नको.

हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला की अल्व्हिओलरचं प्रमाण फुगत गेलं, आणि बरीच "अल्व्हिओलर" मुलं फ्यूजन निगेटिव्ह निघायला लागली. मग एरिन रुडझिन्स्की आणि इतर पॅथॉलॉजिस्टनी एका जुन्या ट्रायलमधल्या अल्व्हिओलर म्हणून नोंदवलेल्या स्लाइड पुन्हा काढून बघितल्या, २०१३ मध्ये ते छापून आलं, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश केसेस मुळात दाट एम्ब्रायोनल होत्या! म्हणजे वर सांगितलेली ती गच्च पेशींची जोडगोळी. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, त्याच काचा परत नीट बघितल्या एवढंच. मला हे संशोधन फार आवडतं त्याचं कारण हेच.

दुसरीकडून जेनेटिक्सवाले येतच होते. अल्व्हिओलरमध्ये क्रोमोसोम २ आणि १३ची अदलाबदल होऊन पॅक्स३-फॉक्सओ१ असं जोड जीन बनतं हे १९९३ मध्ये उलगडलं, १ आणि १३ची झाली तर पॅक्स७-फॉक्सओ१. साधारण ८० टक्के अल्व्हिओलरमध्ये यातलं एक असतं. उरलेल्या २० टक्क्यांचं काय? २०१० मध्ये एका युरोपियन अभ्यासात दिसलं की फ्यूजन नसलेले अल्व्हिओलर एम्ब्रायोनलसारखेच वागतात, जीन्सच्या पातळीवरही वेगळे ओळखू येत नाहीत. तेव्हापासून वारं फिरलं. आता मोठे ट्रायल ग्रुप रिस्क ठरवताना दिसण्यापेक्षा फॉक्सओ१ फ्यूजन आहे की नाही ते बघतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये प्रकार लिहून थांबायचं नाही, फ्यूजनचा निकाल यायलाच हवा, आणि आईवडिलांनी पण डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

जीन टेस्ट: कुठली आणि ती काय सांगत नाही

सगळ्यात सहज मिळणारी म्हणजे फिश, चमकणारे ठिपके लावून जीन तुटलंय का ते बघायची टेस्ट. फॉक्सओ१चा ब्रेक-अपार्ट प्रोब लावला आणि लाल-हिरवे ठिपके वेगळे झाले तर जीन तुटलंय. पण जोडीदार पॅक्स३ आहे की पॅक्स७ हे या प्रोबने कळत नाही, त्यासाठी आरटीपीसीआर किंवा आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनए वाचून जोड जीन ओळखणाऱ्या टेस्ट.

इडब्ल्यूएसआर१च्या (इविंगमध्ये तुटणारं जीन) फिशबद्दल तर फारच सावध. ते तुटलं म्हणजे इविंग नाही! डेस्मोप्लास्टिक ट्यूमरमध्ये तेच जीन डब्ल्यूटी१ शी जोडलेलं असतं, क्लिअर सेल सार्कोमामध्ये आणखी कुणाशी. आणि निगेटिव्ह आलं म्हणजे इविंग नाही असंही नाही, इआरजीवालं फ्यूजन कधीकधी फिशला चकवतं. चेहरा इविंगसारखा पण जरा ओबडधोबड, सीडी९९ तुरळक, डब्ल्यूटी१ आणि इटीव्ही४ पॉझिटिव्ह, तर सीआयसी सार्कोमा (सीआयसी जीनच्या फ्यूजनचा) शोधा, २०२० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात हा आणि बीकॉर जीनचा सार्कोमा हे इविंगपासून वेगळे मानलेत.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर मेथिलेशन प्रोफाइलिंग, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा नमुना बघून गाठ ओळखणं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या ग्रुपने सार्कोमासाठी असा क्लासिफायर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. कंप्युटर स्कोअर देतो, पण स्कोअर आणि स्लाइड जुळत नसतील तर मी आधी स्लाइड परत बघतो, मग नमुना बरोबर भागातून गेला होता का ते तपासतो.

तान्ह्या बाळांचा हिशोब वेगळा

इथे मोठ्यांचे नियम चालत नाहीत. इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा बघायला भयंकर, वाढायला भराभर, पण बाकी सार्कोमांच्या मानाने लांब पसरत क्वचित. त्यातलं इटीव्ही६-एनटीआरके३ फ्यूजन १९९८ मध्ये सापडलं आणि वीस वर्षांनी, २०१८ च्या शेवटी, अमेरिकेच्या एफडीएने एनटीआरके फ्यूजनवर चालणारं लॅरोट्रेक्टिनिब मंजूर केलं. आधी ज्या बाळांचा हात किंवा पाय जायची वेळ यायची तिथे आता औषधाने गाठ लहान करता येते, पण फ्यूजन शोधलं तरच ना. म्हणून बाळाच्या लांबट पेशींच्या गाठीत पॅन-ट्रक (एनटीआरकेचं प्रथिन दाखवणारा) स्टेन आणि आरएनए टेस्ट हे माझ्यासाठी ऑप्शनल नाही.

लांबट पेशींचा रॅब्डो पण असाच दोन तोंडांचा. पहिल्या वर्षात व्हीजीएलएल२ किंवा एनकोए२ फ्यूजनवाला असेल तर चांगला वागतो. मायोडी१ जीनमध्येच म्युटेशन असेल तर फार वाईट. स्लाइडवर दोघांत फरक करायला जाऊ नका, टेस्ट पाठवा.

काही निदानं फक्त गाठीची नसतात, घराची असतात, म्हणजे जीनमधला बदल आनुवंशिक असू शकतो. रॅब्डॉइड ट्यूमर असेल तर एसएमएआरसीबी१ (आयएनआय१ बनवणारं जीन), गर्भाशयाच्या मुखाचा एम्ब्रायोनल रॅब्डो असेल तर डायसर१, आणि ॲनाप्लेझिया असेल, म्हणजे शेजारच्या पेशींच्या तिप्पट मोठे गडद न्यूक्लिअस आणि वेड्यावाकड्या मायटोसिस, तर टीपी५३. या केसेसमध्ये रिपोर्टच्या शेवटी जेनेटिक काउन्सेलिंगचा सल्ला स्पष्ट लिहा, तोंडी सांगितलेलं हरवतं.

रिपोर्ट लिहिताना आणि वाचताना

नाव, मग ते नाव कशावरून ठरलं: कुठले स्टेन पॉझिटिव्ह, कुठले निगेटिव्ह, फ्यूजन काय, ॲनाप्लेझिया आहे की नाही. टेस्ट बाकी असेल तर "बाकी आहे" असं लिहा, आणि निकाल आला की पुरवणी रिपोर्ट काढा. खात्री नसेल तर "स्मॉल राउंड सेल ट्यूमर, पुढील तपासणी चालू" हा प्रामाणिक रिपोर्ट आहे, त्यात लाजायचं काही नाही.

आईवडील बरेचदा रिपोर्टमध्ये स्टेज शोधतात. रॅब्डोमध्ये स्टेज ठरते गाठीची जागा, ५ सेंटिमीटरच्या आत की बाहेर, नोड (लसिकाग्रंथी) आणि लांब पसरलंय का यावरून, आणि ग्रुप ठरतो ऑपरेशननंतर किती गाठ मागे राहिली यावरून. हे ऑन्कॉलॉजिस्ट सगळं एकत्र बघून ठरवतात, पॅथॉलॉजी त्यात कडा आणि नोडची माहिती देते.

केमोनंतरचं टिश्यू आलं की परत सावध. एम्ब्रायोनलमध्ये औषधाने कोवळ्या पेशी मरतात आणि मोठ्या, गुलाबी, स्नायूसारख्या प्रौढ पेशी मागे उरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गाठ बिघडली, खरं तर तो औषधाचा परिणाम असतो, तसं रिपोर्टमध्ये लिहा नाहीतर ऑन्कॉलॉजिस्ट घाबरून औषध बदलतात. आणि या टिश्यूवरून मूळ प्रकार ठरवायला जाऊ नका, पहिली बायोप्सी मागवा.

सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊन उपयोग नाही. एच अँड ई स्लाइड, केलेल्या सगळ्या स्टेनच्या स्लाइड, निदान एक चांगला ब्लॉक किंवा दहा अनस्टेन्ड स्लाइड, आणि स्कॅनचा रिपोर्ट हे सगळं सोबत हवं. ब्लॉक देताना कुठला नंबर दिला ते लिहून घ्या, परत आल्यावर ताळून बघा, आणि शेवटचा ब्लॉक मात्र कधीच बाहेर देऊ नका.